बिघाड शोधायला कुठे शिकवतात?

संगणक-दुरुस्तीचे शिक्षण आणि व्यवसाय यांविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पाचही पत्रे इंदूरची आहेत. मजकूर जागेसाठी थोडा आवरला आहे आणि नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. मी स्वतः पंचवीस वर्षांहून अधिक काळ याच शहरात दुरुस्तीच्या टेबलाशी बसलो आहे आणि त्यातली काही वर्षे मुलांना शिकवण्यातही गेली, त्यामुळे जे लिहितो आहे ते त्या अनुभवातून.

प्रश्न : माझा मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाला. गुण बेताचेच आहेत. पण लहानपणापासून त्याला यंत्रे उघडून पाहण्याचा नाद आहे आणि घरचा जुना डेस्कटॉप बंद पडला तेव्हा त्यानेच दोनदा चालू करून दिला. त्याला हार्डवेअरचे काम शिकायचे आहे. एका खासगी संस्थेने वर्षभराच्या ‘चिप लेव्हल’ (बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त करण्याच्या) कोर्ससाठी मोठी फी सांगितली असून नोकरीची शंभर टक्के हमी दिली आहे. ह्यांचे म्हणणे आहे की त्याने सरळ बीसीए करावे. आम्ही काय करावे? — एक आई, लोकमान्यनगर

उत्तर : ताई, नोकरीची हमी हा शब्द ऐकू आला की फीचा विषय बाजूला ठेवा आणि संस्थेची कार्यशाळा पाहायला मागा. तीही रविवारी रिकामी असताना नव्हे, तर वर्ग चालू असताना पाहायची. एका टेबलावर किती मुले बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजण्याचे उपकरण) आणि सोल्डरिंगची, म्हणजे डाख देण्याची, इस्त्री आहे का, आणि समोर ठेवलेले मदरबोर्ड (संगणकातले मुख्य बोर्ड) खरोखर बिघडलेले आहेत की नुसते उघडून पुन्हा जोडण्यासाठी आहेत, एवढे तीन प्रश्न मुलाने तेथे उभे राहून विचारले तरी बरेच कळेल. मी एके ठिकाणी पाहिले आहे की एकच चांगला डेस्कटॉप सहा महिने मुलांच्या एका तुकडीनंतर दुसरी तुकडी खोलते आणि जोडते. त्यात रॅम चांगली, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) चांगला, हार्ड डिस्क चांगली. अशा मुलाला स्क्रू कुठे असतात ते पाठ होते. पण दुकानात आलेला पहिला ‘डेड’, म्हणजे अजिबात चालू न होणारा, संगणक पाहून तो गोंधळतो, कारण बिघाड शोधण्याची सवयच त्याला कुणी लावलेली नसते. या व्यवसायात खराब भाग बदलणे हे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. कोणता भाग खराब आहे हे खात्रीने सांगता येणे, ही त्यातली खरी विद्या.

फी भरण्यापूर्वी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा, विचार अवश्य करावा. ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी उत्तीर्ण असणे पुरते. ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड असून त्याला दहावीत गणित आणि विज्ञान लागते. तुमच्या मुलाने हे दोन्ही विषय दहावीला घेतलेले असणारच, तेव्हा बारावीच्या वाणिज्य शाखेची आडकाठी येत नाही. माझे मत विचाराल तर वेळ असेल त्याने दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा, कारण त्यात वीज, ट्रान्झिस्टर, पॉवर सप्लाय हे सारे पायापासून शिकवले जाते आणि पुढे लॅपटॉप असो, यूपीएस असो की एलईडी टीव्ही, हात कुठेच अडत नाही. मात्र एक गल्लत टाळा. ‘कोपा’ या नावाने प्रसिद्ध असलेला कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड दुरुस्तीचा नाही. त्यात भर संगणक चालवण्यावर आणि प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक ओळखीवर असतो. नावात कॉम्प्युटर आहे म्हणून दरवर्षी कितीतरी मुले तेथे प्रवेश घेतात आणि नंतर हळहळतात. नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन यंदा कोणत्या ट्रेडला किती जागा आहेत ते मुलाने स्वतः विचारून यावे. आयटीआय झाल्यावर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. खासगी कोर्सच्या तोंडी हमीपेक्षा हा रस्ता मला पुष्कळ भरवशाचा वाटतो.

तुमच्या यजमानांची काळजी मी अनाठायी म्हणणार नाही. पदवी हाताशी असावी, हे खरेच. फक्त बीसीए ही मुख्यतः सॉफ्टवेअरची पदवी आहे आणि तिच्यात मुलाच्या हातातली आवड वापरली जाणार नाही. पदवी हवीच असेल तर ती इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून आयटीआयच्या बरोबरीने किंवा नंतर घेता येते. दिवसा आयटीआय आणि संध्याकाळी दोन-तीन तास आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात विनावेतन का होईना बसणे, असे एक वर्ष त्याने काढले तर त्याचा कल खरा आहे की नुसता नाद, हे तुम्हा दोघांनाही घरबसल्या कळेल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून सहा महिन्यांपासून एका दुकानात काम शिकतो आहे. उस्ताद मला विंडोज टाकायला, धूळ साफ करायला आणि स्क्रीन बदलायला देतात. पण मदरबोर्डला हात लावू देत नाहीत. माझ्या हातून काही जळेल अशी भीती मलाही वाटते. मी स्वतःहून काय शिकू? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : उस्तादांचा राग धरू नका. ग्राहकाचा तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप शिकाऊ हातात देणे त्यांना परवडत नाही. मात्र सहा महिने फक्त फॉर्मॅट मारत राहिलात तर सहा वर्षांनीही तेच करत राहाल, हा धोका खरा आहे. तेव्हा सराव ग्राहकाच्या यंत्रावर न करता भंगारावर करा. कबाड्याकडे जुने मदरबोर्ड आणि एसएमपीएस किलोच्या भावात मिळतात. दोन-तीन किलो घेऊन घरी एक टेबल मांडा.

पहिला महिना फक्त मल्टिमीटर. डेस्कटॉपचा एसएमपीएस घ्या. २४ पिनांच्या जोडणीत जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट असतात आणि संगणक बंद असला तरी मागून वीज चालू असेपर्यंत ते मिळायला हवेत. हिरवी तार कोणत्याही एका काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. मग पिवळ्यावर १२, तांबड्यावर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मोजा. काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात, तेथे पिनेच्या जागेवरून ओळखावे लागते. या तिन्हींना पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ चालतात, त्याच्या बाहेर नाही. एवढे आकडे डोक्यात पक्के बसले की निम्मी भीती जाते. मात्र एसएमपीएसचा पत्र्याचा डबा अजून उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेपासून आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यानंतरही काही काळ साठून राहतात. हा झटका जिवावर बेतू शकतो.

आता माझीच एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मी धंद्यात नवा होतो तेव्हा रामबागेतल्या एका छापखान्याचा संगणक आला होता. सकाळी व्यवस्थित चाले आणि दुपारी पानांची जुळणी सुरू झाली की आपोआप बंद पडे. मी रॅम बदलली. आठवड्याने परत आला. मग मदरबोर्ड बदलला आणि तेव्हाच्या मानाने मोठे बिल केले. दहा दिवसांनी गृहस्थ पुन्हा दारात उभे. तेव्हा कुठे मी यंत्र पूर्ण कामाला लावून, चालू स्थितीत, पिवळ्या तारेवर मीटर धरला, तर १२ च्या जागी १०.८ दिसले. एसएमपीएस मी पहिल्याच दिवशी मोजला होता. पण मोकळा, ओझ्याविना मोजला होता आणि तेव्हा त्याने १२.१ दाखवले होते. मदरबोर्डचे पैसे मी परत केले. त्या दिवसापासून दोन गोष्टी लावून घेतल्या. एक, मोजमाप नेहमी यंत्र काम करत असतानाच्या स्थितीत घ्यायचे. दुसरी, कोणताही भाग बदलण्याआधी ‘हाच भाग का’ याचे एक वाक्य वहीत लिहायचे. वाक्य लिहिता येत नसेल, तर तो भाग बदलायची वेळ आलेली नाही.

ही वही तुम्हीही आजपासून ठेवा. ग्राहक काय म्हणाला, यंत्राने प्रत्यक्षात काय केले, कुठे किती व्होल्ट मिळाले, काय संशय आला, तो कसा तपासला आणि शेवटी काय निघाले, हे प्रत्येक यंत्रासाठी लिहा. उस्ताद मदरबोर्डला हात लावू देत नसतील, पण ते काम करत असताना शेजारी उभे राहून आकडे लिहून घ्यायला ते नाही म्हणणार नाहीत. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी जी पुढे गेली, ती सगळी अशी वही ठेवणारी होती.

दुसऱ्या महिन्यापासून सोल्डरिंग. सरावासाठी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली तार घ्या. ती १८३ अंश सेल्सियसला वितळते. नव्या बोर्डांवर मात्र बिनशिशाचा डाख असतो आणि तो वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणून तुमची इस्त्री बोर्डावर नुसती टेकवून काही सुटत नाही आणि घाईघाईने दाबले की पॅड (भाग जोडायची बोर्डावरची तांब्याची टिकली) उखडते. जुन्या डाखात आधी थोडा शिशाचा डाख आणि फ्लक्स (डाख नीट वाहावा म्हणून लावायची पेस्ट) मिसळा, मग भाग हलक्या हाताने निघतो. शिशाच्या तारेचे काम खिडकीजवळ करा, धूर तोंडाकडे येऊ देऊ नका आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टी बांधण्याचा कंटाळा करू नका. आपल्याला जाणवतही नाही इतक्या स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते आणि हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत इंदुरात ही अडचण जास्त येते.

हे दोन्ही हातात बसले की लॅपटॉपकडे वळा. पूर्ण ‘डेड’ लॅपटॉपवर काम कसे चालते याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग लिहितो. अ‍ॅडॉप्टर वेगळा मोजला तर १९ व्होल्ट बरोबर. पण लॅपटॉपला लावताच त्याचा दिवा विझतो. याचा अर्थ आत कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज मधला मार्ग सोडून थेट परत जाते आहे. बॅटरी काढायची, वीज पूर्ण बंद करायची आणि १९ व्होल्टच्या मुख्य रेषेपासून ग्राउंडपर्यंतचा (विजेच्या परतीच्या बाजूपर्यंतचा) रोध मोजायचा. हजारो ओहम हवेत तेथे अर्धा ओहम दिसतो. त्या रेषेवर डझनावारी कपॅसिटर असतात, तिळाएवढे, सगळे दिसायला सारखे. ते एकेक काढून पाहणारा माणूस बोर्डाची वाट लावतो. त्याऐवजी त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरायचा, करंट मर्यादित करता येतो अशा पॉवर सप्लायने रेषेवर फक्त १ व्होल्ट द्यायचा आणि भिंगातून पाहत राहायचे. शॉर्ट झालेला कपॅसिटर तापतो आणि त्याच्यावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडते. ओल्या चकचकीत बोर्डावर एकच कोरडा ठिपका उमटतो. तो एक कपॅसिटर काढला की रोध पुन्हा चढतो आणि लॅपटॉपचा दिवा लागतो. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातून झाले तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. तुमच्याही हातून होईल. फक्त पहिला प्रयोग भंगारातल्या बोर्डावर करा आणि रेषेच्या मूळ व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्ट कधीही देऊ नका.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये ‘कोपा’ करते आहे, पण मला हार्डवेअरची आवड आहे. घरी म्हणतात की दुरुस्तीचे दुकान हे मुलींचे काम नाही. — एक वाचक, वैशालीनगर

उत्तर : सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरचा भाग बसवायला स्थिर हात आणि सबुरी लागते, आणि या दोन्ही गोष्टींचा मुलगा-मुलगी याच्याशी काही संबंध नाही. माझ्याकडे शिकून गेलेल्या दोन मुलींचे सोल्डरिंग मी नंतरच्या प्रत्येक तुकडीला नमुना म्हणून दाखवत असे. घरच्यांची काळजी बहुधा कामाची नसून दुकानाच्या वेळांची, रात्री उशिरा परतण्याची आणि अनोळखी घरी जाऊन काम करण्याची असते. त्या काळजीला तसेच सरळ उत्तर द्या. कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे ठरलेल्या वेळेत चालतात, महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा आणि रुग्णालये यांनाही देखभालीसाठी माणसे लागतात, आणि तेथे ग्राहकाच्या घरी जावे लागत नाही. ‘कोपा’ पूर्ण करा, ते वाया जात नाही. त्यानंतर हार्डवेअर आणि नेटवर्कचा एक वर्षाचा ट्रेड घ्या. तोवर सुट्टीत एखादे बिघडलेले यंत्र घरीच, आई-वडिलांच्या समोर दुरुस्त करा.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून एका शाळेची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. मी कॉम्पटिया ए प्लस ही संगणक-देखभालीच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी का? इंग्रजी बेताचे आहे. — एक वाचक, तिलकनगर

उत्तर : इंदुरात स्वतःचे दुकान काढायचे असेल तर तिची गरज नाही, येथे कोणताही ग्राहक प्रमाणपत्र विचारत नाही. मोठ्या कंपनीच्या आयटी सपोर्ट विभागात किंवा परदेशी काम मिळवायचे असेल तर तिचा उपयोग होतो. १९९३ पासून चालत आलेली ही परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नाही. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांचे, आणि प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. पुस्तक घेताना त्यावर २२०-१२०१ आणि २२०-१२०२ हे क्रमांक आहेत ना ते पाहा, कारण २०२५ मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि जुनी पुस्तके बाजारात अजून स्वस्तात मिळतात. परीक्षेला बसला नाहीत तरी त्यातला बिघाड शोधण्याचा क्रम शिकून घ्या. तक्रार नीट समजून घेणे, संभाव्य कारण मांडणे, ते तपासणे, उपाय ठरवून करणे, सगळे यंत्र नीट चालते ना ते पाहणे आणि शेवटी लिहून ठेवणे, अशा सहा पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत. वर सुदामानगरच्या वाचकाला जी वही ठेवायला सांगितली, ती याच पायऱ्यांची आहे. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. लागणारे शब्द तुम्ही प्रयोगशाळेत रोज वापरताच.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी जुनी इंदूर भागात मी दुकान सुरू केले. बहुतेक ग्राहक विंडोज १० चे जुने संगणक घेऊन येतात आणि ‘फुकटातले’ विंडोज टाकून मागतात. शिवाय एका ग्राहकाने त्याचे फोटो आम्ही पाहिले असा आरोप केला. शिकताना हे कुणी सांगितले नव्हते. — एक दुकानदार

उत्तर : हे शिकवले जात नाही, आणि ते शिकवायला हवे असे मला मनापासून वाटते. विनापरवाना विंडोज टाकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, आणि त्यासाठी वापरलेल्या ‘क्रॅक’मधून (परवाना चुकवणाऱ्या प्रोग्रॅममधून) आलेला व्हायरस ग्राहकाच्या बँक खात्यापर्यंत पोहोचला तर जबाबदार तुम्हीच ठरता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत ते नसते. ग्राहकाला हे सरळ समजावून सांगा. ज्याला फक्त इंटरनेट, टंकलेखन आणि छपाई करायची आहे, त्याला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंटसारखी मोफत आणि कायदेशीर प्रणाली घालून द्या. त्याच्या छपाई यंत्राचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) चालतो का ते आधी तपासा, कारण बहुतेक तक्रारी तेथेच येतात. हे काम मेहनतीचे आहे आणि त्याची मजुरी मागायला संकोचू नका.

फोटोंच्या बाबतीत उपाय यंत्र हातात घेण्याच्या क्षणीच करायचा असतो. दोन प्रतींची पावती करा. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू, ग्राहकाच्या शब्दांत तक्रार आणि डेटाचा बॅकअप त्याने घेतला आहे की तुम्ही घ्यायचा, हे लिहून त्याची सही घ्या. तक्रार चार्जिंगची असेल तर पासवर्ड मागूच नका. बायोसपर्यंत, म्हणजे विंडोजच्या आधीच्या टप्प्यापर्यंत, यंत्र चालू झाले की तेवढी तपासणी पुरते. विंडोज तपासणे भागच असेल तर ग्राहकाला पासवर्ड स्वतः टाकायला सांगा आणि काम त्याच्यासमोर करा. बॅकअप घ्यावा लागला तर तो कोणत्या डिस्कवर घेतला ते पावतीवर लिहा आणि यंत्र परत देताना त्याच्यादेखत पुसून तशी नोंद करा. तुमच्याकडे काम शिकणारी मुले असतील, तर ग्राहकाचे फोल्डर उघडायचे नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि टेबलावरच्या संगणकाचा स्क्रीन ग्राहकाला दिसेल असा वळवून ठेवा.